लोणार पायी: कोणती वाट, किती वाजता, किती पाणी

उल्केच्या धडकेनं झालेलं विवर आणि त्यातलं तळं पाहायला लोणारला येणारे बहुतेक जण काठावरच्या कठड्याशी उभे राहतात, खालच्या हिरवट पाण्याचे दोन फोटो काढतात आणि अर्ध्या तासात सिंदखेडराजाच्या नाहीतर शेगावच्या रस्त्याला लागतात. तेवढ्यावर या गावाबद्दल मत बनवू नये. लोणार बघायला पाच मिनिटं पुरतात, पण कळायला ते पायानंच फिरावं लागतं. गोड्या पाण्याची बारमाही धार, जंगलातली पडकी देवळं, खारं तळं आणि भर वस्तीतलं कोरीव मंदिर हे सगळं इथे एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहे. विदर्भातल्या तालुक्याच्या दुसऱ्या गावात इतकं एका जागी सापडणं कठीण. म्हणून हे परीक्षण पायी फिरणाऱ्यासाठी आहे. त्यातही जो मन हलकं करायला, दोन तास कुणाशी न बोलता चालायला जागा शोधतो आहे त्याच्यासाठी.

आधी निकाल सांगून टाकतो. विवराच्या तळाची वाट पाचपैकी पाच, पण फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी. काठावरची चाल पाचपैकी चार, आणि ती जवळजवळ वर्षभर. गावातलं दैत्यसूदन मंदिर पाचपैकी पाच, वेळ साधली तर. सोयीसुविधा जेमतेम दोन.

पोचायला अवघड नाही. मेहकरहून सुमारे २५ किलोमीटर, एसटी मिळते. समृद्धी महामार्गानं येणाऱ्यांनी मेहकरला उतरावं. रेल्वेनं यायचं तर जालना, तिथून सुमारे ९० किलोमीटर. पहाटेची चाल हवी असेल तर मुक्काम गावातच करा. मेहकरहून सकाळची गाडी पकडून येणारा माणूस धारेवर पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं, आणि लोणारची निम्मी किंमत त्या पहिल्या दोन तासांत आहे.

दोन सकाळी हाताशी असतील तर पहिली काठाला द्या. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे पूर्ण फेरी जवळपास सहा किलोमीटर भरते. सावकाश चाललं तर दोन ते अडीच तास. वाट सलग नाही. कुठे गाडीरस्ता, कुठे गुरांची पायवाट, कुठे बाभळीनं अडवलेलं वळण. सूर्योदयाच्या वेळी पूर्वेकडच्या काठावर असावं, कारण ऊन पाठीमागून येतं आणि समोरची आतली उतरण टप्प्याटप्प्यानं उजळत जाते. पश्चिमेच्या काठावरून सकाळी पाहिलं तर डोळ्यांवर तिरीप येते आणि तळं पांढऱ्या पत्र्यासारखं चकाकतं, बाकी काही दिसत नाही. संध्याकाळी हेच उलटं होतं.

काठावर चालताना खडकाचा कल पाहात चला. दख्खनच्या काळ्या दगडाचे थर एरवी आडवे असतात, डोंगराच्या कडेला पुस्तकांची चळत ठेवल्यासारखे. इथे काठाशी तेच थर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. उल्केच्या धडकेनं जमीन आतून बाहेर उलथली, त्याचा हा उघड्या डोळ्यांनी दिसणारा पुरावा. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच आहे तोही त्यामुळेच. काठाबाहेरच्या शेतांत पसरलेला दगड-मुरूम हा मुख्यतः विवरातून उडालेला माल आहे, आणि गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच जमिनीवर पेरत आली आहेत.

एक सावधगिरी. आतल्या बाजूचा दगड सुटा आहे. कडेपासून दोन हात दूर राहा, आणि मोबाईलवर फोटो घेताना मागे सरकू नका.

मन जड असेल, झोप नीट होत नसेल, घरात काही घडून गेलं असेल, तर सुरुवात काठानंच करावी असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण साधं आहे. या वाटेवर काही ठरवावं लागत नाही. एका हाताला वाडग्यासारखी दरी सतत असते, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही. दमलात तर जिथे असाल तिथून मागे फिरता येतं. शेतात जाणारी, धारेवर निघालेली माणसं दिसत राहतात, ‘काय भाऊ, फिराले आले का?’ एवढं विचारतात आणि पुढे जातात. एकटेपणा मिळतो, पण माणूस एकटा पडत नाही. तळाच्या वाटेचं तसं नाही. तिथे एकट्यानं, कुणाला न सांगता जाऊ नये.

आता तळाची वाट. हिच्याबद्दल जास्त लिहावं लागेल.

उतरायला धारेची बाजू निवडा. काठाच्या ईशान्येला गोमुखातून बारमाही पाणी पडतं, त्या ठिकाणाला गावात नुसतं ‘धार’ म्हणतात. पावसाचं पाणी वरच्या खडकाच्या भेगांतून झिरपतं आणि इथे काठाशी बाहेर येतं. खाली खारं तळं आणि वर गोडी धार हे ज्याचं त्याला नवल वाटतं, पण दोन्हीकडे पाणी तेच पावसाचं. तळ्यातलं पाणी खारं होतं कारण त्याला बाहेर पडायला वाट नाही. पाणी उन्हानं उडतं, क्षार मागे राहतात, आणि हे हजारो वर्षं चाललं आहे. धारेवर सकाळी अंघोळीला माणसं असतात. जोडे बाहेर काढायचे. फरशी शेवाळानं बुळबुळीत असते, म्हणून टाच आधी न टेकता पूर्ण पाऊल सपाट ठेवून चालायचं. पाण्याखाली हात धरला तरी पुरे, पहाटेच्या वेळी ते मनगटापर्यंत झणझणतं.

इथून पायऱ्या आणि मग दगडमातीची वाट. काठापासून पाण्यापर्यंतचा उतार सुमारे १३७ मीटर धरतात. तीन मीटरचा एक मजला मोजला तर चाळीसहून जास्त मजल्यांचा जिना होतो. उतरायला ३० ते ४० मिनिटं, चढायला ४५ मिनिटं ते एक तास. गुडघे दुखणाऱ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त त्रास देतं, कारण पायऱ्यांची उंची सारखी नाही. एक वीतभर, तर पुढची दीड हात. काठी घ्या. वेळूची साधी काठी चालते, उंची कमरेपेक्षा थोडी वर असावी आणि उतरताना ती आधी टेकून मग पाय टाकावा.

पायात काय आहे यावर ही वाट सोपी की अवघड ते ठरतं. जाड तळव्याचे बंद बूट हवेत. स्लिपर आणि सँडल नकोच, कारण बाभळीचा काटा पातळ रबरातून आरपार जातो आणि आत तुटतो. सपाट तळव्याचे पळायचे बूट कोरड्या मुरमावर घसरतात. ऑक्टोबर ते डिसेंबर कुसळी गवत वाळलेलं असतं. कुसळं मोज्यात घुसून चालताना पायाला टोचत राहतात. पॅन्ट मोज्यात खोचू नका, मोजा पॅन्टच्या आत राहू द्या आणि घोट्यावर जुन्या कापडाची पट्टी गुंडाळा. शेतावर काम करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही.

पाणी माणशी दोन लिटर, थंडीतही. खाली प्यायचं पाणी नाही. वरच्या चहाच्या टपरीवरची बाई हमखास विचारते, ‘दादा, पाणी घेतलं ना?’ तो प्रश्न उगाच नसतो. एका बाटलीत लिंबू, साखर आणि मीठ घालून ठेवा. नियम असा पाळा की एक बाटली संपली की जिथे असाल तिथून परत फिरायचं. दुसरी बाटली चढणीची आहे. खाण्याला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. केळी आणि कुरकुरीत पाकिटं नकोत. वानरांना पाकिटाचा आवाज ओळखीचा झाला आहे, हातातली पिशवी ती हिसकावून नेतात. मग प्लास्टिक झाडावर जातं आणि तिथेच राहतं. डबा स्टीलचा ठेवा आणि पिशवी पाठीवरची, चेन लावलेली.

उतरताना झाडी बदलते तिकडे लक्ष द्या. वरच्या उतारावर साग, कडुनिंब, सीताफळ. खाली आलात की चिंचा दाट होतात आणि सावली एकदम गार लागते. त्याच्याही आत बाभळीचा पट्टा, त्यात अलीकडे वेडी बाभूळ फार माजली आहे. आणि सगळ्यांत आत, पाण्याभोवती, उघडा खारवट चिखल, जिथे फारसं काही उगवत नाही. एकात एक गोल असे हे पट्टे आहेत. जसजसा क्षार वाढतो तसतशी झाडं बदलतात, म्हणून डोळे जमिनीऐवजी झाडांवर ठेवले तरी पाणी किती जवळ आलं ते कळतं. नाकालाही कळतं. कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो तळाच्या चिखलात कुजणाऱ्या शेवाळातून निघणाऱ्या वायूचा. पाच मिनिटांत नाक सरावतं. मळमळ व्हायला लागली तर चिंचांच्या पट्ट्यात परत या, तिथे वास जवळजवळ राहात नाही.

चिखलावर पाय देऊ नका. वरून पांढरी, तडकलेली, कोरडी खपली दिसते, खाली काळा लोणी-चिखल असतो. पाय घोट्यापर्यंत जातो आणि बूट आतच राहतो. खपलीवर पाखरांच्या पायांचे ठसे उठलेले असतील तिथे ती पातळ आहे असं समजा. दगड दिसत असतील तिथूनच पाण्यापर्यंत जावं.

पाण्याशी पोचल्यावर करायची एक गोष्ट घरूनच तयार करून आणा. पांढऱ्या सुती कापडाची बोटभर पट्टी घ्या, तिला पाण्यात कालवलेली हळद चोपडा आणि वाळवा. ही पिवळी पट्टी तळ्याच्या पाण्यात बुडवली की डोळ्यांदेखत तांबडी होते, हळदीचं कुंकू व्हावं तशी. हळदीत चुना पडल्यावर घरी होतो तोच हा रंग. तळ्याच्या पाण्याचा सामू (pH) एरवी १० च्या आसपास असतो, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी असतं. त्याच पट्टीवर लिंबू पिळलं की ती पुन्हा पिवळी होते. मुलं बरोबर असतील तर तीन पट्ट्या आणा, एक धारेच्या पाण्यात बुडवा आणि फरक शेजारी शेजारी ठेवून दाखवा. पट्टी मात्र खिशात घालून परत न्यायची.

या क्षारावर एके काळी इथे धंदा चालत होता. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’तही काच आणि साबणाला लागणारा माल या भागात मिळतो अशी नोंद आहे. तळ्यातून निघणाऱ्या क्षाराच्या प्रतवारीला दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावं होती. ही नावं आता गावातही फार थोड्या तोंडी उरली असतील, पण वाटाड्याला विचारून पाहा. ज्याला ती माहीत असतील तो वाटाड्या चांगला.

दुसरा प्रयोग लोहचुंबकाचा, तो बहुतेक वाटाडे करून दाखवतात. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाटेच्या धुळीतून फिरवलं की काळे कण उभे राहतात. ‘हे उल्केचे तुकडे’ असं सांगितलं जातं, ते बरोबर नाही. काळ्या दगडातच मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं खनिज असतं. दगड झिजला की त्याचे कण मातीत येतात. विदर्भातल्या कुठल्याही काळ्या दगडाच्या नाल्यात हा प्रयोग जमेल. धडकेचा खरा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली सापडला: आघातानं खनिजाची झालेली काच, मास्केलिनाइट. १९७३ साली तो शोध प्रसिद्ध झाला आणि हे ज्वालामुखीचं मुख असावं ही जुनी समजूत मागे पडली. दगड उचलून नेऊ नका. हे २००० पासून अभयारण्य आहे, दगड नेणं गुन्ह्यात मोडतं, आणि घरी नेलेला तो दगड घरासमोरच्या दगडापेक्षा वेगळा दिसणारही नाही.

विवराचं वय विचाराल तर एका ठिकाणी ५२ हजार वर्षं वाचाल, दुसरीकडे ५ लाख ७० हजार. दोन्ही आकडे छापील आहेत. पहिला उष्मादीप्तीच्या पद्धतीनं, म्हणजे खनिज तापवल्यावर निघणारा उजेड मोजून काढलेला, दुसरा दगडातल्या आर्गॉन वायूवरून. फलक लावणाऱ्यांनी हे एका ओळीत सांगितलं असतं तर माणसांचा गोंधळ झाला नसता.

आता मुख्य गोष्ट, खालची शांतता. काठावर वारा असतो, तळाला पडतो. गाड्यांचा आवाज वरच राहतो. उरतात टिटवी, मोर आणि स्वतःच्या बुटांचा आवाज. ही शांतता मिळवायची असेल तर काही पथ्यं आहेत. चार-पाचांपेक्षा मोठा गट नको. एकामागे एक, दहा-दहा पावलांचं अंतर ठेवून चाला. म्हणजे आपोआप बोलणं थांबतं आणि पुढच्याच्या पायाखालची फांदी मागच्याच्या तोंडावर येत नाही. चिंचांच्या पट्ट्यात एक बसकी जागा पाहून वीस मिनिटं बसा. पहिली पाच मिनिटं जंगल गप्प असतं, कारण तुम्ही आला आहात. मग आधी खारी आणि सातभाई पाखरं हलतात, नंतर मोर ओरडतो आणि समोरच्या उतारावरून त्याला उत्तर येतं. हिवाळ्यात पाण्यावर चक्रवाकांची भगवी जोडी आणि हळदीकुंकू बदकं उतरलेली असतात, कडेला लांब गुलाबी पायांचे शेकाटे टिपत फिरतात. दहाव्या मिनिटानंतर श्वास आपोआप संथ झालेला लक्षात येतो. ज्यांना घरी डोळे मिटून पाच मिनिटं बसवत नाही, ते इथे डोळे उघडे ठेवून अर्धा तास बसतात. या एका गोष्टीसाठी ती चढण परत चढावी लागते, आणि आमच्या मते ती चढण वसूल होते.

बसताना पडक्या देवळाच्या जोत्यावर मात्र बसू नका. तळात आणि उतारावर रामगया, शंकर-गणेश, वाघ महादेव, मोर महादेव अशी बरीच देवळं विखुरलेली आहेत. त्यांचे दगड चुन्याविना, खाच आणि खुंटीच्या बळावर एकमेकांत बसवलेले. पिंपळाचं मूळ सांध्यात शिरलं की वरचा दगड नुसता तोलावर उरतो. आधाराला हात लावला तरी तो हलू शकतो. गाभाऱ्यात वटवाघळं असतात, विजेरीचा झोत छतावर मारू नका, खाली जमिनीवर ठेवा. कड्याला किंवा शिखराला आग्यामोहोळ असेल तर तिथून लांबूनच जा. अत्तर, सेंट, अगरबत्ती, विडी यातलं काहीही माश्यांना पेटवायला पुरतं.

कमळजा देवीचं मंदिर तळ्याच्या अगदी काठाशी आहे, नवरात्रात इथे यात्रा भरते. पाणी चढलेल्या वर्षी मात्र मंदिराकडची वाटच पाण्याखाली जाते. म्हणून तळ्याला पूर्ण फेरी मारायचा बेत घरून पक्का करून येऊ नका. तळ्याभोवतीचा घेर चारेक किलोमीटर वाटतो, पण बाभूळ, चिखल आणि बुडालेली वाट धरून तो तीन-चार तास खातो. इथे फसणाऱ्यांची चूक जवळपास एकच असते. अर्धी फेरी झाली की ‘आता पुढूनच निघू’ म्हणतात, वाट बंद लागते, परत तेवढंच चालावं लागतं आणि चढण भर उन्हात येते. ज्या बाजूनं उतरलात त्याच बाजूनं चढा. काठावरच्या पर्यटन महामंडळाच्या रिसॉर्टच्या बाजूनंही खाली यायला वाट आहे, पण ती वाटाड्याबरोबरच घ्या.

पाणी चढतं तसं उतरतंही. २०२० च्या जूनमध्ये ते इतकं उतरलं आणि खारं झालं की क्षारात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे अख्खं तळं गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासून हे कारण सांगितलं. त्याच वर्षी तळ्याला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. गुलाबी तळं पाहायला म्हणून येणारे अजून येतात आणि हिरवं पाहून हिरमुसतात. हिरवा रंग हा तळ्याचा रोजचा, पाण्यातल्या शेवाळाचा.

मार्च ते जून खाली उतरू नये असं आम्ही म्हणतो ते भीती घालायला नाही. विवर कढईसारखं आहे. वारा आत येत नाही, काळा दगड सकाळी दहापासून तापतो आणि चढण नेमकी शेवटी येते, जेव्हा पाणी संपलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये बुलढाण्याकडचं ऊन चाळिशीपार जातं. चक्कर आली, घाम यायचा थांबला, डोकं ठणकायला लागलं तर चढत राहू नका. सावलीत आडवं व्हा, मानेवर ओलं फडकं ठेवा, घोट घोट पाणी घ्या आणि बरोबरच्या एकाला वर पाठवा. तळाशी मोबाईलच्या रेंजचा भरवसा धरू नका. पावसाळ्यात उलटी अडचण, मातीचा लोण्यासारखा घसरडेपणा आणि साप. तेव्हा काठ आणि धार एवढंच करावं, आणि ते अप्रतिम असतं.

उतरण्याआधी वनखात्याच्या फाटकावर त्या दिवशी कोणती वाट उघडी आहे ते विचारा. पाणी आणि बिबट्याचा वावर पाहून ते बदलतं. दिवस मावळायच्या दोन तास आधी वर असलं पाहिजे. वाटाड्या घ्याच. पैसे आधी ठरवा, कुठवर नेणार आणि किती वेळ बसू देणार तेही आधी ठरवा, कारण घाईचा वाटाड्या दीड तासात वर आणून सोडतो.

दैत्यसूदन मंदिर वर गावात, वस्तीच्या मधोमध. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे देऊळ, लोणार या नावाची लोककथाही तिथलीच. तारकाकृती पायऱ्यापायऱ्यांची भिंत आहे, त्यामुळे सपाट भिंतीपेक्षा कोपरे कितीतरी जास्त आणि प्रत्येक कोपऱ्यावर मूर्ती. मंदिर पूर्वाभिमुख आहे. सकाळी आठ ते दहा ऊन तिरपं असतं, तेव्हा पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर मूर्तींच्या नाकाची, दागिन्यांची, बोटांची सावली पडते आणि कोरीव काम उठून दिसतं. भर दुपारी तीच भिंत सपाट, राखाडी वाटते आणि माणसं ‘ठीक आहे’ म्हणून निघून जातात. आत अंधार. छतावरचं कोरीव काम पाहायला विजेरी समोरून मारू नका, एका बाजूला धरून झोत छताला घासून जाईल असा टाका. आकृत्या एकदम वर येतात. फेब्रुवारीनंतर अकराच्या पुढे जोत्याचा काळा दगड तळपाय भाजतो. जोडे काढायचेच असतात, म्हणून जाड मोजे ठेवा. एक प्रदक्षिणा नुसती चालून आणि दुसरी थांबत थांबत घाला, तासभर सहज जातो.

मोठा मारुती आणि अंबर तळं विवरापासून जेमतेम पाऊण किलोमीटरवर. झोपलेल्या मारुतीची मूर्ती चुंबकीय दगडाची आहे असं सांगतात. अंबर तळ्याला छोटं लोणार म्हणतात, तेही विवरच असावं असं काही अभ्यासकांचं मत आहे. पायात जीव उरला असेल तर जा, संध्याकाळ बरी जाते.

सोयींचे गुण का कापले तेही सांगितलं पाहिजे. तळाकडच्या वाटेवर दिशा दाखवणारे फलक अपुरे, आणि आहेत ते उन्हापावसानं पुसट. बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह वाटेवर मिळेल असं धरून चालू नये, मुक्कामाच्या जागीच उरकून निघावं. धारेभोवती साबणाची वेष्टणं आणि निर्माल्याच्या पिशव्या पडलेल्या असतात, आणि तेच पाणी पुढे विवरात उतरतं. साबण-शाम्पू घेऊन धारेखाली बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. गोड्या पाण्याच्या या धारेवर तिथली झाडी आणि कुंडं जगतात.

वर आल्यावर बूट लगेच धुवा. तळ्याचा चिखल अल्कधर्मी असल्यानं वाळला की चामडं कडक होऊन तडकतं, शिलाई कुजते. आधी सुक्या काडीनं खरवडा, मग साध्या पाण्यानं, नंतर चमचाभर लिंबाचा रस घातलेल्या पाण्यानं एकदा, आणि पुन्हा साध्या पाण्यानं. सावलीत वाळवा. हे सगळं मुक्कामाच्या नळावर करा, धारेच्या कुंडात नाही.